जांभळाचा कॉम्पोट घरी कसा करावा
(आमच्याकडून जांभळं नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

टोपलीभर जांभळं घरी नेली की पहिल्या दिवशी सगळे त्यांच्यावर तुटून पडतात. दुसऱ्या दिवशी निम्मी टोपली तशीच राहते आणि तिसऱ्या दिवशी तिला आंबूस वास सुटतो. ती निम्मी टोपली वाया जाऊ नये, यासाठी हे पत्रक.

कॉम्पोट म्हणजे थोड्या साखरेत थोडाच वेळ शिजवलेली फळं. मुरंब्यासारखं ते मुरवायचं नसतं, जॅमसारखं आटवायचंही नसतं. फळाचे तुकडे दिसले पाहिजेत आणि रस चमच्यावरून ओघळला पाहिजे. जॅम बाहेर टिकतो तो भरपूर साखरेमुळे. कॉम्पोटमध्ये तेवढी साखर नसते, म्हणून त्याची जागा फ्रीजमध्येच. बहुतेक चुका कॉम्पोटला जॅम समजल्यामुळे होतात.

लागणारं साहित्य

पिकलेली जांभळं १ किलो (बिया काढल्यावर ६०० ते ७०० ग्रॅम गर राहतो, रानातली बारीक जांभळं असतील तर त्याहूनही कमी), साखर १५० ग्रॅम, पाणी ४ मोठे चमचे, एका लहान लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. आवडत असेल तर दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. वेलदोडा आम्ही सुचवत नाही, त्याच्यापुढे जांभळाचा स्वतःचा वास दबतो.

निवडणं आणि बिया काढणं

जांभूळ झाडावरून उतरल्यावर पिकत नाही. देठाजवळ लालसर राहिलेलं फळ घरी चार दिवस ठेवलं तरी तुरटच राहतं, शिजवल्यावरही त्याचा तुरटपणा पुरता जात नाही. अशी फळं वेगळी काढा आणि मीठ लावून खाऊन टाका. कॉम्पोटसाठी पूर्ण काळी, बोटानं दाबली की किंचित दबणारी फळं घ्या. फुटलेली चालतील, पण त्याच दिवशी वापरा. झाडाखालून वेचलेल्या फळांना माती आणि बारीक खडे चिकटलेले असतात. ती नळाच्या धारेखाली न धरता पाण्याच्या मोठ्या भांड्यात दोनदा बुडवून अलगद वर काढा. खडे तळाशी बसतात.

बिया काढायला सोपी रीत अशी : फळं गंजात (पातेल्यात) घाला, ४ मोठे चमचे पाणी घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर ४-५ मिनिटं वाफवा. सालं सैल पडतात. हाताला सोसेल इतकं निवलं की चोळून बिया वेगळ्या करा. तुकडे नीट राहायला हवे असतील तर कच्च्याच फळाला उभा चिरा देऊन बी काढा. वेळ लागतो, पण कॉम्पोट देखणा होतो. बियांसकट फळ मिक्सरमध्ये कधीही फिरवू नका. बी फुटली की तिचा कडवट-तुरटपणा अख्ख्या गंजात उतरतो आणि मग कितीही साखर घातली तरी जिभेला कोरड पडते.

भांडं आणि पाणी

जाड बुडाचं स्टीलचं भांडं घ्या. लोखंडी कढईत जांभळाचा रस काळाशार पडतो आणि चवीला लोखंड लागतं. ॲल्युमिनियम आणि कल्हई गेलेलं पितळही नको, आंबट रस त्या धातूला खातो. खारपाणपट्ट्यातल्या घरांनी पाण्याकडे खास लक्ष द्यावं. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी खारं असतं. त्यानं चव बिघडते आणि जांभळा रंग मळकट निळसर होतो. चारच चमचे लागतात, ते पिण्याच्या पाण्याचे घ्या. याच कारणानं आंबटपणा मारायला सोडा घालू नका. लिंबू घातल्यावर रंग उलट लालसर आणि उजळ होतो, ते तुम्हाला डोळ्यांदेखत दिसेल.

शिजवणं

गरात साखर आणि मीठ मिसळून अर्धा तास झाकून ठेवा. साखर फळातला रस बाहेर ओढते आणि तळाशी वाटीभर जांभळा रस जमतो. म्हणून वरून आणखी पाणी घालायची गरज नसते.

आता निम्मा गर बाजूला काढून बाकीचा रसासकट मध्यम आचेवर ठेवा. दालचिनी आत्ताच टाका. सुरुवातीला वर गुलाबी, बारीक फेस येतो. तो चमच्यानं काढून टाका. लाकडी चमच्यानं किंवा सराट्यानं तळ खरवडत राहा. ६-७ मिनिटांनी फेस कमी होतो, बुडबुडे मोठे होतात, सावकाश फुटतात आणि रसाला तकाकी येते. मग राखून ठेवलेला गर आणि लिंबाचा रस घाला, २ मिनिटं उकळी येऊ द्या आणि गॅस बंद करा.

त्या वेळी कॉम्पोट पातळ वाटेल, तो तसाच हवा. थंड झाल्यावर तो घट्ट होतो. खात्री हवी तर फ्रीजमध्ये ठेवलेल्या बशीवर एक थेंब टाकून बशी तिरपी करा. थेंब पाण्यासारखा पळाला तर आणखी २ मिनिटं. सावकाश सरकला तर झालं.

बिघडलं तर

निवल्यावरही फारच पातळ राहिला, तर फळं चाळणीत काढा, नुसता रस ३-४ मिनिटं उकळा आणि फळं परत घाला. सगळंच पुन्हा उकळलं तर फळांचा लगदा होतो. कॉर्नफ्लोअर लावू नका, फ्रीझरमधून काढल्यावर त्याला पाणी सुटतं. फार घट्ट झाला तर चमचाभर गरम पाणी घालून सैल करा. बुडाला लागला तर ढवळू नका. वरचा भाग दुसऱ्या भांड्यात अलगद ओता आणि चाखून पाहा. करपट लागत नसेल तरच ठेवा.

साखरेऐवजी गूळ चालतो, पण रंग तपकिरी होतो हे धरून चाला.

हीच रीत करवंदांना लागते, फक्त ती पिकून काळी झालेली घ्या. हिरव्या करवंदांचा चीक भांड्याला आणि जिभेला चिकटतो. करवंदाचा रस लवकर दाटतो, म्हणून आचेवरून दोन मिनिटं आधीच उतरवा. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी मिळाली तर पाणी अजिबात घालू नका, तिच्या अंगातच भरपूर असतं.

ठेवणं

काचेची बरणी आणि झाकण १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून पूर्ण कोरडं करा. बरणी कोमट असतानाच, खाली जाड कापड ठेवून, गरम कॉम्पोट भरा. थंड ओट्यावर ठेवलेल्या थंड बरणीत गरम रस ओतला की ती तडकते. निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात संपवा. दर वेळी कोरडा, स्वच्छ चमचा वापरा. उष्टा चमचा बुडवला की कॉम्पोट दोन दिवसांत आंबतो. लाइट सारखी जात असेल तर एक मोठी बरणी भरण्यापेक्षा लहान डब्या भरा आणि एका वेळी एकच उघडा. फ्रीझरमध्ये काही महिने टिकतो, पण डबी काठोकाठ भरू नका, गोठताना तो फुगतो.

दह्यात, दुधावरच्या सायीबरोबर किंवा शिऱ्यावर घालून खा. ज्वारीच्या गरम भाकरीवर लोणी आणि वर हा कॉम्पोट, हे लहान मुलांना विशेष आवडतं.

मधुमेह असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं : जांभूळ साखरेच्या आजाराला चांगलं मानतात, म्हणून हा कॉम्पोट औषध होत नाही. दोन मोठ्या चमच्यांत वरून घातलेली साखरच जवळपास दोन छोटे चमचे येते, फळातली वेगळी.

झाकण उघडताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले, दारूसारखा वास आला किंवा कडेला बुरशीचा ठिपका दिसला, तर चाखून पाहू नका. नुसता ठिपका काढून बाकीचा वापरणंही धोक्याचं, कारण बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते. अख्खी बरणी रिकामी करा, उकळत्या पाण्यानं धुवा आणि पुढच्या खेपेला निम्म्याच फळांचा करा.