ज्वारी खळ्यावर आली की विमा

गावात आरोग्य विमा योजना आली की आधी चर्चा होते ती हप्त्याच्या रकमेची. पण हप्ता कोणत्या महिन्यात मागितला, याचा परिणाम तितकाच मोठा असतो. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत वर्गणी ज्वारीच्या रूपात घेतली, आणि तीही सुगीत, घरात धान्य आल्यावर. जूनमध्ये बी-बियाण्यात पैसा अडकलेला असताना तेच घर शंभर रुपयेही सहज काढू शकत नाही. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. उपचारांत मात्र भेद नाही.

तिथली आणखी एक अट कडक होती: गावातली साधारण तीन चतुर्थांश कुटुंबं आली तरच गाव योजनेत. यामागे सरळ हिशेब आहे. समजा, गावात 200 कुटुंबं आहेत. वर्षाला दहा जण रुग्णालयात भरती होतात आणि प्रत्येकाला 8,000 रुपये खर्च येतो. एकूण 80,000, म्हणजे घरटी 400 रुपये. आता फक्त 40 कुटुंबं आली, पण आजारपण ठाऊक असलेली घरं आधी धावल्यामुळे दहापैकी सहा रुग्ण त्यांच्यातलेच निघाले, तर 48,000 रुपये 40 घरांवर पडतात. घरटी 1,200! हप्ता वाढवला की धडधाकट घरं गळतात, आणि उरलेल्यांचा हप्ता पुन्हा वाढतो. नोंदणी व्यक्तीऐवजी अख्ख्या कुटुंबाची करतात ती यासाठीच.

पण याच नियमाने गरिबांची अडचणही होते. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये नूना भागात 2004 साली अशी योजना सुरू झाली. हप्ता वर्षाला मोठ्या माणसामागे 1,500 आणि मुलामागे 500 सीएफए फ्रँक (तिथलं चलन). दोन मोठी माणसं आणि पाच मुलं असली की एकदम 5,500 भरायचे. सुरुवातीच्या वर्षांत सहभाग दहा टक्क्यांच्या आतच राहिला. 2007 मध्ये सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या कुटुंबांना हप्ता निम्मा केला. ही कुटुंबं निवडली गावकऱ्यांनीच, घरांची ऐपतीनुसार क्रमवारी लावून. माझ्या मते ही पद्धत दाखल्यांच्या गठ्ठ्यापेक्षा कितीतरी बरी. कुणाची चूल कशी चालते हे गावाला ठाऊक असतं.

एकदा आलेलं कुटुंब दुसऱ्या वर्षी का गळतं, हे मात्र दवाखान्यात कळतं. नूनात विमेकऱ्यांसाठी दवाखान्याला मिळणारी रक्कम आधीच ठोक ठरलेली होती. त्यांना तपासून कर्मचाऱ्यांच्या पदरात वेगळं काही पडत नसे, आणि वागणुकीत ते दिसे. गुजरातेत ‘सेवा’ या स्त्री कामगारांच्या संघटनेने 1992 मध्ये सुरू केलेल्या विम्यात आधी बिल स्वतः भरून मग दावा करायचा होता. ज्या बाईला त्यासाठी कर्ज काढावं लागतं, तिचं व्याज परताव्याची वाट पाहण्यातच वाढतं. म्हणून नोंदणीच्या वेळीच तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या रुग्णालयात पैसे न भरता भरती करतात, एसटीने तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि रात्री कागद बघायला तिथे कोण असतं.