प्रभागरचना (पुणे महानगरपालिका)

महापालिका निवडणुकीसाठी शहराचे भाग पाडणे आणि प्रत्येक भागातून किती नगरसेवक निवडायचे हे ठरवणे, म्हणजे प्रभागरचना. पुण्यात ती निवडणुकीगणिक बदलत आली आहे. २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ ला एका नगरसेवकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा प्रभाग, २०१७ ला चौघांचा. गावे समाविष्ट झाली, शहर फुगले, म्हणून एकूण जागा वाढणे समजण्यासारखे आहे. पण एका प्रभागात एक की चार, याचा लोकसंख्येशी संबंध नाही. तो निर्णय मंत्रालयात होतो आणि सत्तेतल्या पक्षाचे गणित बघून होतो. मोठ्या प्रभागात चिन्ह चालते, छोट्या वॉर्डात माणूस, हे पेठांमधला कुठलाही जुना कार्यकर्ता सांगेल.

२०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने तीनचा प्रभाग आणला. पुण्यासाठी ५८ प्रभाग आणि १७३ जागा ठरल्या, आरक्षणाची सोडतही निघाली. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने ते सगळे मोडीत काढून चारचा प्रभाग परत आणला. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, प्रभाग पाडण्याचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने कायदा करून स्वतःकडे घेतला होता. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून विकत आणलेली महानगरपालिका अधिनियमाची प्रत अशा काळात वर्षभरही ताजी राहत नाही. राजपत्रच उघडावे लागते.

ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होताच, त्यात निवडणूक लांबत गेली. महापालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. पुण्यात १४ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षे अंदाजपत्रकापासून सगळे ठराव प्रशासकाच्या एकट्याच्या सहीने झाले. एवढ्या मोठ्या शहरावर झालेला हा अन्यायच आहे.

ही निवडणूक ४१ प्रभाग आणि १६५ जागांवर झाली. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेचीच धरली, कारण त्यानंतर तोवर जनगणनाच झालेली नव्हती.

प्रारूप रचना प्रसिद्ध झाली की हरकती व सूचना मागवतात. त्या वेळी बहुतेक लोक नकाशा बघून परत फिरतात. खरा मजकूर सीमावर्णनात असतो: अमुक चौकापासून रस्त्याच्या मध्याने पूर्वेकडे, नाल्यापर्यंत, तिथून नाल्याने नदीपर्यंत. रेषा रस्त्याच्या मध्यातून गेली की समोरासमोरच्या दोन सोसायट्या दोन प्रभागांत जातात. पुढे विधानसभेची मतदारयादी या रेषांनुसार फोडली जाते आणि तिथे चूक झाली, तर मतदाराचे नाव शेजारच्या प्रभागात निघते. म्हणून हरकत घेताना सीमावर्णनातली नेमकी ओळ लिहावी आणि यादीतले आपले नाव त्याच आठवड्यात तपासावे.

चारच्या प्रभागात मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते देतो. निवडणुकीनंतर तुंबलेल्या ड्रेनेजची तक्रार या चौघांपैकी कुणाकडे न्यायची, हे मात्र कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.