८के कॅमेरा घ्यायचाय? आधी मिलिसेकंद मोजा

जुलै २०२०मध्ये कॅनननं 'ईओएस आर५' हा मिररलेस कॅमेरा जाहीर केला, तेव्हा दोन आकड्यांचा गाजावाजा झाला: ४५ मेगापिक्सेलचे फोटो आणि ८के, म्हणजे आडवे सुमारे आठ हजार पिक्सेल असलेला, व्हिडिओ. पण थोड्याच दिवसांत चर्चा वळली ती तिसऱ्याच आकड्याकडे. हा आकडा होता २० मिनिटं. कंपनीच्याच तक्त्यानुसार आजूबाजूला २३ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर हा कॅमेरा साधारण २० मिनिटं ८के चित्रण करतो आणि मग तापून थांबतो. २३ अंश! चंद्रपुरात मे महिन्यात मांडवाखाली उभ्या असलेल्या व्हिडिओवाल्याला हे वाचून हसावं की रडावं कळणार नाही.

तरी आर५ हा वाईट कॅमेरा नव्हे. उलट एकाच बॉडीकडून उत्तम फोटो आणि उत्तम व्हिडिओ अशी दोन्ही कामं करून घ्यायची, तर कशाची किंमत मोजावी लागते हे त्याच्यात फार स्वच्छ दिसतं. माझं मत असं की अशा कॅमेऱ्यात पिक्सेल किती हे सर्वांत शेवटी पाहावं. ते पिक्सेल किती वेळात वाचले जातात, हा खरा प्रश्न.

हिशेब करून बघू. आर५च्या ८के चौकटीत ८१९२ गुणिले ४३२०, म्हणजे सुमारे ३ कोटी ५४ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर १०६ कोटी पिक्सेल झाले. प्रत्येकाला १२ बिट दिले की सेकंदाला जवळजवळ १.६ जीबी माहिती तयार होते. एवढी माहिती जशीच्या तशी साठवणं कार्डाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून 'रॉ', म्हणजे कच्ची, म्हणवल्या जाणाऱ्या फाइलमध्येही ती दाबून बसवतात. तरीसुद्धा आर५मध्ये सेकंदाला २६०० मेगाबिट, म्हणजे ३२५ एमबी उरतातच. नेहमीच्या वेगवान यूएचएस-२ एसडी कार्डाची कागदावरची कमाल मर्यादा आहे ३१२ एमबी. त्यामुळे ८के रॉसाठी महागडं सीएफएक्सप्रेस कार्ड घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेही ५१२ जीबीचं घेतलं तरी २६ मिनिटांत भरतं.

हा झाला कॅमेऱ्यातून बाहेर पडणाऱ्या माहितीचा वेग. सेन्सरमधून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपमधून, ती उचलायचा वेग त्याहून महत्त्वाचा. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला सीमॉस सेन्सर सगळं चित्र एकाच क्षणी वाचत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. पहिली ओळ वाचली गेली त्यानंतर काही मिलिसेकंदांनी शेवटची ओळ वाचली जाते, आणि तोवर समोरचं जग पुढे सरकलेलं असतं. ताशी ७२ किलोमीटर वेगानं धावणाऱ्या गाडीच्या खिडकीतून रुळांशेजारचा खांब टिपलात असं समजा. गाडी सेकंदाला २० मीटर जाते. आर५ला ८केची चौकट वाचायला सुमारे १५-१६ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात गाडी तीसेक सेंटिमीटर पुढे गेली, म्हणजे चौकटभर उंच दिसणाऱ्या खांबाचं टोक आणि बूड यांत तितका तिरकेपणा आला. हे डोळ्याला खुपतं, पण चालून जातं. आता ६१ मेगापिक्सेलचे काही कॅमेरे घ्या. इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे पडदा न हलवता फोटो काढताना, त्यांचा पूर्ण सेन्सर वाचायला जवळपास एक दशांश सेकंद लागतो. त्यांच्या फोटोत तोच खांब दोन मीटर कलतो! यांत्रिक शटरचा पडदा हेच अंतर चारेक मिलिसेकंदांत पार करतो, म्हणून फोटोसाठी तो अजून टिकून आहे.

विशेष म्हणजे हा वेग घरी मोजता येतो, आणि आपली वीज त्यासाठी सोयीची आहे. भारतात विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ. त्यामुळे साधा, स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एकदा. अशा एकाच बल्बनं उजळलेली पांढरी भिंत चौकटभर घ्या, फोकस बिघडवून ठेवा, कॅमेरा आडवा धरा, शटर १/२००० सेकंद करा आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटो काढा. फोटोतल्या भिंतीवर आडवे पट्टे दिसतील. एक उजळ आणि एक काळपट मिळून एक जोडी, आणि प्रत्येक जोडीचे १० मिलिसेकंद. दीड जोडी दिसली तर वाचनवेळ १५, सहा दिसल्या तर ६०. व्हिडिओचा प्रत्येक मोड असा वेगळा तपासावा, कारण एकाच कॅमेऱ्यात तो बदलतो. पट्टे दिसलेच नाहीत तर कॅमेऱ्यावर खूश होण्याआधी बल्ब बदलून बघा. आत चांगला ड्रायव्हर, म्हणजे वीज सांभाळणारं सर्किट, असलेले बल्ब लुकलुकत नाहीत.

हेच पट्टे मंगल कार्यालयातल्या चित्रणात सरपटताना दिसले, की ग्राहकाचा फोन येतो. उपाय सोपा आहे. शटरचा वेळ १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवायचा, म्हणजे १/५० किंवा १/१००. परदेशी व्हिडिओ बघून १/६० लावलं की घोटाळा झालाच. स्टेजवरच्या रंगीत सजावटीच्या दिव्यांची लुकलुक मात्र स्वतःच्याच तालावर चालते. तिथे शटर थोडं थोडं बदलत जुळवून घ्यावं लागतं.

वाचन वेगात हवं असेल, तर काहीतरी सोडावं लागतं. आर५ यांत्रिक शटरवर १४ बिटचा फोटो देतो, इलेक्ट्रॉनिक शटरवर १२ बिटचा. म्हणजे प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्यांच्या जागी ४,०९६. चांगल्या उजेडात फरक शोधून सापडत नाही, पण संध्याकाळच्या फोटोतल्या सावल्या नंतर उजळायला गेलात की तो वर येतो. ही कोंडी फोडायला स्टॅक्ड सेन्सर आले. त्यांत प्रकाश टिपणाऱ्या थराच्या पाठीमागे वाचनाचं वेगवान सर्किट आणि स्मृती चिकटवलेली असते. सोनीनं २०१७मध्ये ए९मधून हे तंत्र फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यात आणलं. २०२१च्या निकॉन झेड९मध्ये तर वाचन इतकं जलद झालं, की निकॉननं यांत्रिक शटर काढूनच टाकलं. किंमत अर्थातच चढी.

"८के व्हिडिओ घ्या आणि त्यातून हवा तो फोटो काढा," असं विक्रेते सांगतात. एका चौकटीत ३५ मेगापिक्सेल असतात, तेव्हा दावा पटतोही. पण व्हिडिओतली हालचाल डोळ्याला सहज वाटावी म्हणून १/५०च्या आसपासचं शटर ठेवतात. सेकंदाला ५ मीटर धावणारं पोर तेवढ्यात १० सेंटिमीटर सरकतं आणि चौकटीत त्याचा चेहरा पुसट होतो. फोटोसाठी १/१००० हवं, आणि ते लावलं तर व्हिडिओ झटके खाल्ल्यासारखा दिसतो. ही अडचण भौतिकशास्त्राची आहे. कॅमेरा कितीही भारी घेतला तरी सुटत नाही.

बरं, हे ८के दिसतं कोणाला? निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा वेगळा ओळखतो. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर ८केचे पिक्सेल सुटे दिसायला ५५ सेंटिमीटरवर जाऊन बसावं लागेल. रुंदीत निम्मेच पिक्सेल असलेल्या ४केलासुद्धा एक मीटरच्या आसपास. मग ८के घ्यायचं कशासाठी? संपादनात चौकट कापता यावी म्हणून, आणि ८केवरून बनवलेल्या ४केसाठी. चार पिक्सेलांची सरासरी एकात उतरली की नको असलेला रवाळपणा निम्मा होतो. शिवाय सेन्सरचा एकेक पिक्सेल एकच रंग टिपतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांकडून अंदाजानं भरले जातात. चारांतून एक करताना ही उसनवारीही बरीच कमी होते. ओळी गाळून बनवलेल्या ४केमध्ये इरकल साडीच्या बारीक चौकड्यांवर जे रंगीत तरंग उठतात, ते इथे सहसा उठत नाहीत. आर५मध्ये या प्रकाराला '४के एचक्यू' म्हणतात. माझ्या लेखी या कॅमेऱ्याचं खरं मोल तिथे आहे, ८केत नाही.

पण ४के एचक्यूसाठीही पूर्ण सेन्सर वाचावा लागतो, म्हणजे पुन्हा उष्णता आलीच. कंपनीनं दिलेली मर्यादा २३ अंशांना सुमारे ३० मिनिटं. साध्या ४केला तशी मर्यादा नाही, पण ते मऊ, म्हणजे कमी रेखीव दिसतं. कॅमेरा तापतो कारण दर सेकंदाला कोट्यवधी पिक्सेल वाचणारा सेन्सर आणि ते दाबणारी चिप दोन्ही ऊब सोडतात, आणि पाऊस-धूळ आत शिरू नये म्हणून बॉडी बंदिस्त असते. त्यात हात हलला तरी चित्र स्थिर राहावं यासाठी सेन्सर चुंबकांच्या आधारावर तरंगता ठेवलेला, त्यामुळे त्याची उष्णता धातूच्या सांगाड्यात सरळ उतरत नाही. २०२२मध्ये आलेल्या आर५ सी या भावंडात कॅनननं पंखा बसवला आणि सेन्सर हलवणारी यंत्रणा काढली. चित्रण लांबलं, पण हातात धरून चालताना चित्र हलू लागलं. मूळ आर५ला त्याच वर्षी फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमधून, जास्त तापू देण्याचा पर्याय मिळाला, आणि २०२४च्या आर५ मार्क टूसाठी पंखा असलेली ग्रिप वेगळी विकत मिळते.

दुकानातला कॅमेरा एसीत असतो, म्हणून तिथली चाचणी धरू नका. एक दिवस भाड्यानं घ्या. दुपारी पंखा बंद करून खोलीत तिपाईवर लावा, ज्या मोडवर तुमचं काम चालतं तोच मोड ठेवा, मागची स्क्रीन बॉडीपासून उघडून धरा आणि तो थांबेपर्यंत घड्याळ लावा. थांबल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून बघा, किती वेळ चालतो ते. मंगलाष्टकं आणि सप्तपदी यांच्या मधे तुम्हाला तेवढीच उसंत मिळणार आहे.