घरभेद्यांवरचा राग: रिपब्लिकन पक्षातल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

अमेरिकी काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांचे व्हिप असतात. मतं मोजणं, कुंपणावर बसलेल्यांना गाठणं, एखाद्याला समितीवरच्या जागेची हळूच आठवण करून देणं ही त्यांची कामं. पण त्यांचं ऐकलं नाही म्हणून कुणाचं सदस्यत्व जात नाही. पक्षांतरबंदीचा कायदा तिथे नाही आणि तिकीटही श्रेष्ठींच्या खिशात नसतं. उमेदवार ठरतो प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या आतल्या निवडणुकीत, मतदारांच्या मतांनी. त्यामुळे निवडून दिलेला माणूस वॉशिंग्टनला जाऊन भलतीकडेच मत देऊ लागला, तर चिडलेल्या कार्यकर्त्याच्या हाती एकच हत्यार उरतं: पुढच्या प्रायमरीत त्याला घरी बसवणं. रिपब्लिकन पक्षातल्या पुराणमतवाद्यांच्या गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या नाराजीचा इतिहास हा बराचसा या हत्याराला धार कशी येत गेली याचा इतिहास आहे.

रागाचं मूळ राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या १९५२ च्या पक्षाच्या अधिवेशनात सापडतं. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांना लोक ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत. सरकार लहान हवं, खर्च कमी हवा, परदेशातली लफडी नकोत, ही त्यांची भूमिका. पण शिकागोत उमेदवारी मिळाली ती युद्धातून नाव कमावून आलेल्या आयझेनहॉवर यांना. ते जिंकले, मात्र रूझवेल्ट यांनी ‘न्यू डील’ या नावाने उभारलेल्या कल्याणकारी योजना त्यांनी मोडल्या नाहीत, उलट सामाजिक सुरक्षेची व्याप्ती वाढवली. ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी या कारभाराला स्वस्त दुकानातला न्यू डील म्हणून हिणवलं. ‘आपला माणूस निवडून येतो, पण धोरण दुसऱ्यांचंच चालतं’ ही तक्रार तेव्हापासूनची.

१९६४ मध्ये गोल्डवॉटर स्वतःच उमेदवार झाले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमधल्या अधिवेशनात न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर बोलायला उभे राहिले, तेव्हा प्रतिनिधींनी हुर्यो उडवून त्यांचं भाषण कितीतरी वेळ अडवून धरलं. नोव्हेंबरमध्ये गोल्डवॉटर यांना अवघी सहा राज्यं मिळाली. पक्षातल्या अनेक उदारमतवाद्यांनी प्रचारात हात आखडता घेतला होता आणि ते उजव्या कार्यकर्त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. इतकी वर्षं पक्षनिष्ठेचे डोस आम्हाला पाजले, आमची पाळी आली तेव्हा मात्र हे बाजूला उभे राहिले, असा तो सल. तो खरा होता. पण त्याच उन्हाळ्यात नागरी हक्कांच्या विधेयकाला सिनेटमधल्या ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला होता आणि विरोधातल्या सहांमध्ये गोल्डवॉटर होते. म्हणजे त्या घडीला पक्षाच्या बहुमताशी फारकत घेतली होती ती उमेदवारानेच. ‘पक्षाची तत्त्वं’ म्हणजे नेमकी कुणाची, हा प्रश्न तेव्हापासून या भांडणाला चिकटलेला आहे आणि भांडणारे तो सहसा विचारत नाहीत.

पराभवातून संघटना उभी राहिली. १९६४ च्या अखेरीस अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह युनियन स्थापन झाली आणि १९७१ पासून ती प्रत्येक खासदाराला शंभरपैकी गुण देऊ लागली. पद्धत सोपी: वर्षभरातली निवडक मतदानं घ्यायची, ‘बरोबर’ बाजू आधी ठरवायची, मग बेरीज करायची. वरवर कारकुनी वाटणाऱ्या या कामाने मोठा फरक पडला. तोवर ‘अमुक सिनेटर मवाळ आहे’ ही कुजबुज होती. आता तो आकडा झाला आणि आकडा पत्रकावर छापता येतो. १९७८ मध्ये न्यू जर्सीचे क्लिफर्ड केस आणि १९८० मध्ये न्यूयॉर्कचे जेकब जॅव्हिट्स हे दोघे जुने उदारमतवादी सिनेटर आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले.

करविरोधी कार्यकर्ते ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांनी १९८६ मध्ये आणखी सोपी कसोटी आणली: करवाढीला विरोध करण्याची लेखी शपथ, उमेदवाराची सही आणि खाली साक्षीदारांच्या सह्या. १९८८ मध्ये थोरल्या बुश यांनी भर अधिवेशनात ‘नवे कर नाहीत’ असा शब्द दिला आणि १९९० मध्ये तूट आवरण्यासाठी डेमोक्रॅट नेत्यांशी तडजोड करून कर वाढवले. प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन व्हिप न्यूट गिंग्रिच यांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या कराराविरुद्ध बंड केलं. पहिला मसुदा पडला, नंतर बदललेला मंजूर झाला. आर्थिकदृष्ट्या तो करार वाईट नव्हता असं माझं मत आहे, पण दिलेला शब्द मोडला होता आणि समर्थकांना तेवढंच दिसलं. १९९२ मध्ये उजवे भाष्यकार पॅट ब्यूकॅनन यांनी प्रायमरीत बुश यांना घाम फोडला. पुढे बुश निवडणूकही हरले. ‘रायनो’, म्हणजे नावापुरता रिपब्लिकन, ही शिवीही त्याच सुमारास वर्तमानपत्रांत दिसू लागली.

१९९४ मध्ये चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह हाती आलं, सिनेटही आलं आणि नाराजीचा रोख बदलला. आता दोष विरोधकांच्या बहुमताला देता येईना. अर्थसंकल्प समतोल ठेवण्याची घटनादुरुस्ती हे नव्या बहुमताचं लाडकं वचन. २ मार्च १९९५ ला ती सिनेटमध्ये एका मताने अडली. विरोधात मत देणारे खरे रिपब्लिकन एकच: ओरेगॉनचे मार्क हॅटफिल्ड, तेही सरकारी खर्च मंजूर करणाऱ्या विनियोजन समितीचे अध्यक्ष. (नेते बॉब डोल यांनी शेवटी मत फिरवलं, पण ते विषय पुन्हा मांडता यावा म्हणून.) हॅटफिल्ड यांचं म्हणणं असं की खर्च कमी करायचा तर तो करावा, राज्यघटनेच्या आड लपू नये. आपण मत बदलणार नाही, पण हवं तर राजीनामा देतो, असं त्यांनी डोल यांना सांगितलं होतं. एक सदस्य कमी झाला असता तर घटनादुरुस्तीला लागणाऱ्या दोन तृतीयांशाला ६६ मतं पुरली असती आणि तेवढी हाताशी होती. डोल यांनी राजीनामा घेतला नाही.

रिक सँटोरम आणि कॉनी मॅक या तरुण सिनेटरांनी मात्र हॅटफिल्ड यांचं अध्यक्षपद काढून घ्यावं म्हणून रान उठवलं. एका मतासाठी पद काढणं ज्येष्ठांना पटलं नाही आणि प्रकरण मिटलं. पण ज्येष्ठतेने आयुष्यभर मिळणारी अध्यक्षपदं तशी राहिली नाहीत. त्याच वर्षी सिनेटच्या रिपब्लिकनांनी त्यांना सहा वर्षांची मर्यादा घातली. इथे एडमंड बर्क आठवल्यावाचून राहत नाही. प्रतिनिधीने मतदारांच्या मर्जीपुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकली तर तो त्यांचा विश्वासघात ठरतो, असं १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना ऐकवणारा हा माणूस पुराणमतवादाचा आद्य विचारवंत मानला जातो. ब्रिस्टलकरांचा सहा वर्षांनंतरचा नूर पाहून त्याला तिथून माघार घ्यावी लागली, हा भाग सहसा सांगितला जात नाही.

पुढची वीस वर्षं प्रायमरीचं हत्यार सर्रास चाललं, आणि कधी कधी उलटलंही. पेनसिल्व्हेनियात आर्लेन स्पेक्टर २००४ मध्ये पॅट टूमी यांच्याविरुद्ध थोडक्यात वाचले, २००९ मध्ये ओबामांच्या आर्थिक पॅकेजला मत देऊन काही आठवड्यांत डेमोक्रॅट झाले आणि २०१० मध्ये ती जागा टूमी यांनी जिंकली. डेलावेअरमध्ये २०१० साली मवाळ माइक कॅसल यांना पाडून टी पार्टी या उजव्या चळवळीने क्रिस्टीन ओडॉनेल यांना उभं केलं आणि हातची जागा घालवली. २०१२ मध्ये इंडियानात रिचर्ड लूगर यांच्या बाबतीत तेच झालं. २०१४ मध्ये तर प्रतिनिधिगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर हरले.

पण समर्थकांचा राग केवळ आततायीपणा होता असं म्हणणाऱ्यांनी जुलै २०१७ नीट पाहावा. ओबामांचा आरोग्यविमा कायदा रद्द करू, या वचनावर पक्ष सात वर्षं मतं मागत होता. डिसेंबर २०१५ मध्ये सिनेटने तसं विधेयक मंजूरही केलं. ओबामा ते अडवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि जानेवारीत त्यांनी अडवलं. दीड वर्षाने व्हाइट हाऊसमध्ये सही करायला तयार असलेला राष्ट्राध्यक्ष बसला होता. २६ जुलैला जवळपास तोच मजकूर मतदानाला आला आणि सात रिपब्लिकनांनी विरोध केला. त्यांतल्या सहा जणांनी २०१५ मध्ये बाजूने मत दिलं होतं. अपवाद फक्त सुझन कॉलिन्स यांचा. दोन दिवसांनी, मध्यरात्र उलटल्यावर, जॉन मकेन पुढे आले, त्यांनी अंगठा खाली केला आणि छोटा मसुदाही ४९ विरुद्ध ५१ ने पडला. लोकांना मकेन यांचा अंगठा आठवतो. मला त्याआधीचं मतदान जास्त बोलकं वाटतं. मत निष्फळ असताना शूर आणि खरं असताना सावध, ही तक्रार तिथे आकड्यांनिशी सिद्ध होते.

त्यानंतर मात्र फूटपट्टीच बदलली. वायोमिंगच्या लिझ चेनी यांची मतं ट्रम्प यांच्या भूमिकेशी नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा जुळत होती. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला पाठिंबा दिल्यावर आणि निवडणूक चोरीला गेल्याचा दावा खोडत राहिल्यावर त्यांचं नेतृत्वपद गेलं. ते मिळालं एलिस स्टेफानिक यांना. पुराणमतवादी संघटनांच्या गुणपत्रिकांत स्टेफानिक यांचे गुण चेनींपेक्षा बरेच कमी होते, आणि त्याने कुणाचं काही अडलं नाही. महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी चौघांनी पुन्हा निवडणूकच लढवली नाही, चेनींसह चौघे प्रायमरीत पडले आणि दोघे टिकले.

२०२५ च्या उन्हाळ्यातलं कर आणि खर्चाचं मोठं विधेयक हा या बदलाचा सगळ्यात स्पष्ट नमुना. केंटकीचे थॉमस मॅसी यांनी तूट वाढते म्हणून विरोध केला. टाफ्ट किंवा गोल्डवॉटर यांनी वेगळं काही केलं असतं असं वाटत नाही. उत्तर कॅरोलायनाचे सिनेटर थॉम टिलिस यांनी मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातल्या कपातीवरून विरोध केला. एक विधेयकाच्या उजवीकडून बोलत होता, दुसरा डावीकडून. ट्रम्प यांनी दोघांनाही एकच धमकी दिली, प्रायमरीत तगडा उमेदवार उभा करण्याची. मॅसी आपल्या मतावर ठाम राहिले. टिलिस यांनी दुसऱ्याच दिवशी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं आणि मग सिनेटमध्ये विरोधात मत दिलं.