तेरा मिलिमीटरची भिंत, बारा मिलिमीटरची जागा

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आटोपली की त्या वाटेवर मागे काय उरतं, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. रिकाम्या बाटल्या. गोदावरीच्या अंगाला पडलेली बाटली पावसाच्या पाण्याबरोबर निघाली, तर तिची वाट गंगापूर धरणाकडे जाते, म्हणजे आपल्याच नळाला येणाऱ्या पाण्याकडे. झाकण लावलेलं असेल तर आतल्या हवेमुळे ती तरंगत जाते. नसेल तर पाणी भरून तळाशी बसते, कारण या बाटल्या ज्याच्या बनतात त्या पेट प्लास्टिकची घनता पाण्याच्या जवळजवळ १.४ पट असते. आता तर २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे.

भरलेली बाटली वाहायला कुणाची ना नसते. नकोशी होते ती रिकामी, कारण ती भरलेलीइतकीच जागा अडवते. हल्ली दुकानांत मिळणाऱ्या सिलिकोनच्या घडीच्या बाटल्या नेमकी हीच अडचण सोडवतात. पाणी संपलं की दाबायची, चपटी करायची आणि पिशवीच्या कप्प्यात टाकायची.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र या बाटल्यांची शिफारस भलत्याच कारणासाठी चालते. ‘उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून डायऑक्सिन सुटतं’ हा निरोप कितीतरी वर्षं फिरतो आहे. डायऑक्सिन म्हणून ज्या विषारी संयुगांची भीती घातली जाते, त्यांत क्लोरिन असतो. पेटच्या रेणूत असतात फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. नसलेला क्लोरिन उन्हाने येणार कुठून? पेट बनवताना अँटिमनीचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि बाटली खूप तापली तर ते पाण्यात जास्त उतरतं, ही गोष्ट खरी. म्हणून बंद गाडीत, उन्हात पाण्याची बाटली ठेवू नये. पण ते डायऑक्सिन नव्हे. बाटलीवर ‘धन्यवाद’ लिहिलं की आतल्या पाण्याचे स्फटिक सुंदर होतात म्हणणाऱ्यांच्या वाटेला तर मी जातच नाही.

मला या बाटलीचं कौतुक आहे ते तिच्या घडीचं. पावसाळी वाऱ्यात छत्री उलटी होते तो क्षण आठवा. छत्री अर्धवट उलटून थांबत नाही. एक तर सुलटी, नाही तर उलटी. मधल्या अवस्थेत ती टिकत नाही, कारण तिथे ताण सर्वांत जास्त असतो. घडीच्या बाटलीचं अंग म्हणजे दहावीच्या भूमितीतल्या शंकूछेदांची (टोक कापलेल्या शंकूंची) चळत, आणि त्यांतला प्रत्येक उताराचा शंकूछेद छत्रीसारखाच वागतो.

हिशोब पायथागोरसच्या त्रिकुटाचा आहे, ५-१२-१३. समजा, एका कड्याची, म्हणजे एका शंकूछेदाची, तिरपी भिंत १३ मिलिमीटर लांब आहे, तिची उंची ५ आणि आडवा विस्तार १२. हे कडं उलटं करायचं तर वाटेत एका क्षणी भिंत पूर्ण आडवी व्हायलाच हवी. त्या क्षणी १३ मिलिमीटरच्या भिंतीला जागा असते १२ मिलिमीटरची. म्हणजे जवळपास ८ टक्के आवळून घ्यायचं. हा एक मिलिमीटर भिंत एकटी सोसत नाही. बाहेरचं वर्तुळ किंचित फुगतं, आतलं आक्रसतं, भिंत थोडी वाकते. ती आडवी रेघ ओलांडली की ताण उतरू लागतो आणि कडं टपकन पलीकडे जाऊन बसतं. म्हणूनच चपटी केलेली बाटली चपटीच राहते, तिला दोरी किंवा बक्कल लागत नाही.

आता तेच त्रिकूट उभं करा. उंची १२, आडवा विस्तार ५. इथे १३ मिलिमीटर भिंत ५ मिलिमीटरमध्ये कोंबावी लागेल. ते होत नाही, म्हणून उभट कडी जशीच्या तशी राहतात आणि उताराची कडी उलटून त्यांच्या आत शिरतात. एक उभट, एक उताराचं, असा क्रम लावला की घडी कुठे पडायची हे भूमितीच ठरवते.

हाच आकार जाड पेटमध्ये काढला तर? पेट काही टक्के ताणापर्यंतच माघारी येतं. त्यापुढे पांढरी सुरकुती पडते, ती कायमची. सिलिकोन रबर मात्र मूळ लांबीच्या दुप्पट-तिप्पट ताणूनही परत येतं. त्याच्या साखळीचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा असतो. यातला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा लांब असतो. ऑक्सिजनपाशी होणारा कोन साधारण १४५ अंशांचा असतो आणि तो सहज कमी-जास्त होतो. शिवाय ऑक्सिजनला बाजूचे गट चिकटलेले नसल्याने कणा मोकळेपणी फिरतो. म्हणून या साखळ्या गोठतात त्या थेट उणे १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यामुळे निफाडच्या थंडीतही बाटली मऊच राहते. पेटच्या साखळ्या ७० ते ८० अंशांच्या खाली थिजलेल्याच असतात.

ताणलेली साखळी परत ओढते तीही बंध ताणले गेल्यामुळे नव्हे, तर एंट्रॉपीमुळे, म्हणजे विस्कळीतपणाकडे असलेल्या कलामुळे. वेटोळ्या साखळीच्या शक्य रचना असंख्य, सरळ साखळीच्या मोजक्या. औष्णिक हालचालीत ती असंख्यांकडेच वळणार, आणि मधले रासायनिक दुवे तिला शेजारणीवरून कायमची घसरू देत नाहीत. ताणलेलं रबर तापवलं की सैल पडण्याऐवजी आखडतं, तेही यामुळेच.

जाहिरातवाले ‘वाळूपासून बनलेलं नैसर्गिक सिलिकोन’ म्हणतात ते मात्र सोडून द्या. क्वार्ट्झपासून सिलिकॉन काढायला कोळशाबरोबर जवळपास २००० अंशांची विद्युतभट्टी लागते, आणि तयार झालेलं सिलिकोन मातीत मुरत नाही. चार वेळा वापरून टाकलं तर पेट परवडलं, कारण त्याचं निदान पुनर्चक्रीकरण तरी होतं. वर्षानुवर्षं वापरलं तरच हा सौदा फायद्याचा.

साखळ्यांच्या त्याच मोकळेपणामुळे वायू आणि वासाचे रेणूही भिंतीत शिरतात. सोडा भरलात तर लवकर मिळमिळीत होईल. लिंबू सरबत भरलंत तर लिमोनीन हे लिंबाच्या सालीतलं वासाचं संयुग भिंतीत विरघळेल आणि पुढच्या पाण्यालाही त्याचा वास येत राहील. अशी बाटली उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवली की वास बराच उतरतो, सिलिकोनला ते तापमान सहज सोसतं. झाकण मात्र बहुधा वेगळ्या प्लास्टिकचं असतं, ते आधी काढून ठेवा. वाळवताना बाटली पूर्ण उघडून उपडी ठेवा. ओली असताना घडी केली तर सांध्यांत बुरशी धरते.