तेहतीस फुटांची साखळी आणि गुंठ्याचा आर

जायकवाडी धरण भरलं की बातमीत दोन आकडे शेजारी शेजारी येतात: १५२२ फूट आणि ४६३.९०६ मीटर. मीटरचा आकडा इतका अडनिडा का, हे फुटाकडे पाहिलं की कळतं. पूर्ण साठ्याची पातळी पूर्ण फुटात आहे. १५२२ ला ०.३०४८ ने गुणलं की ४६३.९०५६ येतात. घाईत हिशेब करणारे मात्र ३.२८ ने भागतात आणि त्यांना ४६४.०२ मिळतात. फरक बारा सेंटिमीटरचा, जेमतेम अर्धी वीत. पण नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काठोकाठ असताना पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरलेलं असतं, आणि तेवढ्या पसाऱ्यावर बारा सेंटिमीटर म्हणजे चाळीस दलघमीच्या (दशलक्ष घनमीटरच्या) वर, दीड टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी. म्हणून पातळी बदलताना ०.३०४८ नेच गुणावं. भागायचंच असेल तर ३.२८०८४ घ्यावा. ३.२८ हा त्याचा शेपूट तोडलेला आकडा आहे.

०.३०४८ मात्र तोडलेला नाही, तो व्याख्येनेच पूर्ण आहे. १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर असं ठरवलं. त्यातून फूट ०.३०४८ मीटर आणि इंच २५.४ मिलिमीटर झाला. त्याआधी अमेरिकेचा इंच २५.४ हून केसभर मोठा होता, ब्रिटनचा केसभर लहान.

आपल्याकडे फूट यायच्या आधी मापं अंगावरून घेत. विहिरीची खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, कापड हातात, जमीन काठीत. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. हात कोणाचा धरला यावर काठीची लांबी ठरायची, त्यामुळे एका गावचा बिघा पुढच्या गावच्या बिघ्याशी जुळेलच असं नव्हतं. मलिक अंबरने, आणि पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिदकुली खानाने, जमीन मोजून सारा बांधायचं काम याच भागात, मराठवाड्यात केलं.

इंग्रजी फूट इथल्या शेतात आला तेव्हा राज्य निजामाचं होतं. त्याचा दिवाण सालारजंगाच्या सुधारणांनंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्यात जी मोजणी झाली, ती शेजारच्या मुंबई इलाख्याच्या पद्धतीवर. त्या पद्धतीबरोबर ३३ फुटांची साखळी आली. इंग्रज गणिती एडमंड गुंटरने १६२० च्या सुमारास रूढ केलेल्या ६६ फुटी साखळीची ही अर्धी. तिचे सोळा आणे पाडलेले असत, आणि एक आणा म्हणजे २४.७५ इंच, दोन फूट पाऊण इंच. रुपयाचे सोळा आणे करणाऱ्या माणसाला ही साखळी वेगळी शिकवावी लागली नसेल. साखळीचा चौरस ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच गुंठा. असे चाळीस गुंठे, ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एकर.

आता सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, दहा मीटरच्या इतकं जवळ की गुंठा आणि आर एकच धरायचा मोह होतो. बोलण्यात ते चालून जातं, खरेदीखतात चालत नाही. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. पाच एकर म्हणजे २ हेक्टर २ आर ३४ चौरस मीटर. एकराला चाळीस आर धरून कोणी दोन हेक्टर लिहिलं, तर २३४ चौरस मीटर, सव्वादोन गुंठ्यांहून थोडी जास्त जमीन, कागदावरून जाते. भावाभावांच्या वाटणीत एवढ्यावरून बांध कोरले जातात.

याहून मोठी चूक टिंबाची. २ एकर २० गुंठे हे क्षेत्र जुन्या कागदावर २.२० असं लिहिलेलं असतं. ते टिंब दशांशाचं नाही, एकर आणि गुंठ्यामधली ती नुसती खूण आहे. खरं क्षेत्र अडीच एकर, म्हणजे १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर. कॅल्क्युलेटरवर २.२० ला ०.४०४६८६ ने गुणलं की ०.८९ हेक्टर येतं आणि बारा गुंठे गायब होतात. आधी गुंठ्यांना ४० ने भागावं (२० भागिले ४० म्हणजे ०.५), ते एकरात मिळवावं आणि मगच गुणावं. फूट-इंचाचंही तसंच. पाच फूट सहा इंच म्हणजे ५.६ फूट नव्हे, ५.५ फूट. त्याचे १.६७६४ मीटर होतात. ५.६ धरले तर १.७०६९, तीन सेंटिमीटर जास्त. आणि क्षेत्राला लांबीचा आकडा लावू नये. ३० बाय ४० चा प्लॉट १२०० चौरस फुटांचा, त्याला ०.०९२९०३ ने गुणून १११.४८ चौरस मीटर मिळतात. ३.२८ ने एकदाच भागून ३६६ काढणारे अजून भेटतात.

पाच फूट सहा इंच हा आकडा मुद्दामच घेतला. भारतातल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर तेवढंच, १६७६ मिलिमीटर. मराठवाड्यात मात्र आधी आली मीटरगेज. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादपर्यंत रूळ टाकले, ते एक मीटर रुंदीचे. १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने ही रुंदी निवडली ती देशात मेट्रिक मापं येणार या अपेक्षेने. १८७१ चा मापांचा कायदा झालाही, पण अमलात कधी आला नाही. कायदा कागदावर राहिला, रूळ राहिले. कामगार त्यांना तीन फूट सव्वातीन इंचांहून थोडं जास्त असंच मोजत असणार: ३९.३७ इंच, म्हणजे तीन फूट तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच. दुसऱ्या टोकाला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली, तिचा गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. तिन्ही रुंद्या एकाच प्रदेशात असल्यामुळे माल उतरवून पुन्हा चढवणं हे कित्येक पिढ्यांच्या हमालांचं काम होतं.

देशात मेट्रिक पद्धत आली ती १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. मराठवाड्यासाठी ती वर्षं एकावर एक आदळणारी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट गेली, १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यात आला, १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी इथल्या वह्यांत निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी राज्यातले सहा कलदार रुपये असा हिशेब चालत असे. आणे, हाली, शेर आणि वार, सगळं एका पिढीत बदललं. म्हातारी माणसं अजून वारात बोलतात ती यामुळे, आणि त्यात चूक काही नाही. वार म्हणजे ३६ इंच, तेव्हा नऊवार लुगडं ८.२३ मीटर. दुकानदार आठ मीटर फाडून देत असेल तर नऊवारीला नऊ इंच कापड कमी पडतं, आणि काष्टा नेसताना ते कळतं.

दुकानात जुनं नाव राहिलं आणि वस्तू बदलली, तिथे गुणाकार करून उपयोग नाही. सळईचं बघा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. चार सूत म्हणजे हिशेबाने १२.७, पण बाजारात चार सूत मागितलं की १२ मिलिमीटरची सळई मिळते. तीन सुताला १०, पाच सुताला १६, अडीच सुताला ८. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ ची सळई ०.८९ किलो, १२.७ ची असती तर जवळजवळ एक किलो. जुन्या मापाने लोखंडाचा अंदाज काढून नवी सळई टाकली, तर स्लॅबमध्ये दर शंभर किलोमागे अकरा किलो लोखंड कमी पडतं.

पाइपाचं याहून फसवं. शेतातल्या पीव्हीसी पाइपाचा मिलिमीटर आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, इंचाचं नाव मात्र जुन्या लोखंडी पाइपावरून आलेलं. ६३ मिलिमीटरला दोन इंची म्हणतात, ७५ ला अडीच, ९० ला तीन, ११० ला चार. दोनाला २५.४ ने गुणून ५०.८ काढलं आणि ५० चा पाइप उचलला, तर घरी येतो तो दीड इंची. पंपाच्या डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर पडणाऱ्या तोंडाला, तो बसत नाही. रिड्युसर (मोठं तोंड लहान करणारा जोड) लावून बसवला तर लांब लाइनीत घर्षण वाढतं आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. म्हणून आधीच्या पाइपावर छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचून जावा. छापा पुसला असेल तर पाइपाभोवती दोरा गुंडाळून घेर घ्यावा आणि ३.१४ ने भागावा. १९८ मिलिमीटर घेर आला तर तो ६३ चा, १५७ आला तर ५० चा.