ठाणे-नवी मुंबईत कौटुंबिक आणि वारसाच्या कामासाठी मोफत वकील: कुणाला, कुठे, कोणत्या कागदांवर

घटस्फोट असो, पोटगी असो की वारस दाखला, ‘कमी फी घेणारा वकील कोण?’ असं ओळखीपाळखीत विचारण्याआधी सरकारी खर्चाने वकील मिळतो का ते बघा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अटच नाही. चांगल्या पगाराची नोकरी असलेली बाईसुद्धा अर्ज करू शकते. हे ठाऊक नसल्यामुळे दागिने गहाण टाकून फी भरणाऱ्या बायका आजही आहेत.

अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांचंही उत्पन्न बघितलं जात नाही. बाकी बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे.

अर्ज कुठे द्यायचा, इथे नवी मुंबईकरांचा हमखास गोंधळ होतो. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, म्हणून त्यांचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (मोफत वकिलाचे अर्ज घेणारं सरकारी कार्यालय) ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, कोर्ट नाक्याला. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगडमध्ये, त्यांनी पनवेल कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावं. पण तुम्ही राहता कुठे यापेक्षा दावा कुठल्या कोर्टात चालणार हे महत्त्वाचं. हिंदू विवाह कायद्याखाली बायको सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. वारसाच्या कामात गेलेली व्यक्ती शेवटी कुठे राहत होती ते बघतात. शंका असेल तर 15100 या हेल्पलाइनवर विचारा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (NALSA) संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही होतो.

अर्जात नाव-पत्ता, कोणत्या गटातून मदत मागताय, वाद काय आणि हवंय काय, एवढंच लिहायचं असतं. सोबत आधार, गटानुसार जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, आणि प्रकरणाचे कागद: लग्नाचा दाखला, आलेली नोटीस, मृत्यू दाखला, जे असेल ते. उत्पन्नाच्या गटातून जाणाऱ्यांनी तहसीलदारांच्या दाखल्यासाठी अडून राहू नये. प्राधिकरणाला शंका घेण्याचं कारण नसेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, तशी तरतूद कायद्यातच आहे.

अर्ज मंजूर झाला की पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील नेमून देतात. त्याची फी प्राधिकरण देतं, कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही या मदतीत येतो. त्या वकिलाने ‘वरखर्चाचे थोडे द्या’ म्हटलं तर देऊ नका, लेखी तक्रार करा. काम नीट होत नसेल तर वकील बदलून मागता येतो. अर्ज नाकारला गेला तर त्यावर अपील आहे.

काही कामांना मुळात वकील लागतोच असं नाही. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराने स्वतः बाजू मांडावी अशीच कायद्याची अपेक्षा आहे. तिथे वकील उभा करायला न्यायालयाची परवानगी लागते. सातबाऱ्यावर वारस नोंद तलाठ्याकडे अर्ज देऊन होते. बँकेतल्या ठेवी आणि शेअर्ससाठी मात्र उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं आणि ते दिवाणी न्यायालयातून घ्यावं लागतं. त्यात सगळ्या वारसांची नावं द्या. ‘ताई लग्न होऊन गेली, तिचं कशाला’ म्हणून तिचं नाव लपवलंत तर मिळालेलं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. नॉमिनीचं नाव लागलं म्हणजे तोच मालक, हा सोसायट्यांमधला लाडका समजही सोडून द्या.

कुठल्याच गटात न बसणाऱ्यांना खासगी वकील शोधावाच लागेल. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे दरपत्रक कुठे लावलेलं दिसणार नाही. दोघा-तिघांना भेटा. नोटीस, दावा, पुरावा, युक्तिवाद अशी टप्प्याटप्प्याने फी लिहून घ्या, ‘तारखेला इतके’ या बोलीवर राहू नका. पैसे दिले की पावती मागा. वकीलपत्रावर सही करण्याआधी सनद क्रमांक (वकिलीच्या परवान्याचा नंबर) बघून घ्या. आणि ‘फी नको, फ्लॅट मिळाला की त्यात वाटा द्या’ असं कुणी सुचवलं तर तिथूनच उठा: निकालावर किंवा मिळणाऱ्या मालमत्तेतल्या वाट्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या (वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांनी मनाई आहे.